नमुना खराब

"ए बाई, इकडे बघ. तुला कॅन्सर झालाय. कॅन्सर कळतो ना? माणूस मरतो त्यानं."

डॉ. मोहरील हे इतक्या मोठ्यानं बोलले की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला फरशी पुसणारी आयाबाईही थबकली. त्यांच्यामागे बारा-चौदा विद्यार्थी वह्या उघडून उभे होते. मी खाटेच्या उजव्या अंगाला, एका हातात सिरिंजचा ट्रे आणि दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईला बातमी कळल्यापासून बरोबर तीस मिनिटांनी तिचं रक्त घ्यायचं, एवढंच माझं काम होतं. डॉक्टरांना घाबरलेल्या माणसाचं रक्त हवं होतं.

खाटेवर अनसूया ढेंगळे बसली होती. पन्नाशीची, उन्हानं करपलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी बाई. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या घड्याळाकडेही पाहिलं.

"थे तं मले माईत हाय," ती म्हणाली. "पन मले अजून किती दिस ठेवसान?"

एक विद्यार्थी फसकन हसला. डॉक्टरांनी त्याला दटावलं नाही. उलट त्यांना आनंदच झाला.

"बघितलंत? हेच मी सांगत होतो. आकलनच नाही. मृत्यू समोर उभा आहे आणि ही विचारतेय, किती दिवस. भीती वाटायलासुद्धा थोडी बुद्धी लागते."

पोरांनी हे वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं.

आठ चाळीसला मी रक्त घेतलं. तिचा हात उबदार होता, नाडी सावकाश. दंडाला पट्टा आवळताना ती म्हणाली, "हळू घ्या बाई, घाई नाही काही."

ही चौऱ्याण्णव सालची, नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, आणि जगातली बहुतेक माणसं मूर्ख आहेत अशी माझी खात्री होती. विद्यापीठात दुसरी आलेली मी, शैला भोयर, विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की मला भेटत होती ती माणसं खरोखरच तशी होती.

त्यांत पहिले डॉ. मोहरील. त्वचारोग विभागाचे प्रमुख. केसांना आठवड्यातून एकदा कलप, अंगात राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक दाखवायचं. रोग्याच्या अंगाला ते कधी हात लावत नसत. पेनाच्या टोकानं चादर वर करत आणि लांबूनच मान हलवत. त्यांनी दिल्लीहून एक संशोधन प्रकल्प मिळवला होता. त्वचेच्या कॅन्सरचे चाळीस रोगी घ्यायचे, आणि त्यांच्या रक्तात ताणाची रसायनं किती आहेत ते मोजायचं. प्रत्येक रोग्यामागे घरचं एक निरोगी माणूस तुलनेला घ्यायचं. त्यासाठी आठ खाटा, एक मशीन आणि मी, असं सगळं दोन वर्षांसाठी मंजूर झालं होतं. माझी मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती. ती वाढवायची की नाही, हे डॉक्टरांच्या सहीवर होतं.

विषय तसा अवघड नाही. जीव धास्तावला, टांगणीला लागला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं रसायन सुटतं. निरोगी माणसात ते सकाळी चढतं आणि संध्याकाळकडे उतरतं. पण धसका बसला, तर घटकाभरात उसळी घेतं. सिरोटोनिन त्याच्या उलट्या अंगाचं. मेंदूत ते निरोप इकडून तिकडे पोहोचवतं, आणि झोप, भूक, मनाचं स्वास्थ्य पुष्कळसं त्याच्यावर चालतं. डॉक्टरांचं म्हणणं, कॅन्सरच्या रोग्यात पहिलं वाढलेलं असणार, दुसरं घटलेलं असणार. हा तोल बिघडला की रोग बळावतो. म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण रक्तातलं सिरोटोनिन म्हणजे मेंदूतलं नव्हे, हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. डॉक्टरांना ते कोणी शिकवलं नसावं, किंवा शिकवलेलं त्यांना अडचणीचं झालं असावं. मी एकदा बोलून पाहिलं होतं. "भोयरबाई," ते म्हणाले होते, "तुम्ही आकडे आणा. विचार करायला आम्ही आहोत."

पहिल्या सोळा रोग्यांचे आकडे त्यांना हवे तसे, किंवा हवे त्याच्या आसपास आले. सतरावी अनसूयाबाई आली, आणि डॉक्टरांच्या तोंडची चव गेली.

तिला कॅन्सर झाला होता कंबरेला. परकराची नाडी जिथं आवळतात, बरोबर त्या रेघेवर. नाडीचा काच बसून बसून तिथली कातडी आधी काळी पडली, मग सोलली, मग कधी बरीच झाली नाही. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया कंबरेला ओटी बांधतात आणि वेचलेला कापूस तिच्यात भरत जातात. दुपारपर्यंत ती ओटी गरोदर बाईच्या पोटासारखी फुगते, आणि सगळा भार त्या एका रेघेवर येतो. अनसूयाबाईच्या त्या जखमेला चार वर्षं झाली होती. ती आली तेव्हा तळहाताएवढा फुलकोबीसारखा गड्डा झाला होता, आणि त्याला वास येत होता.

"चार वर्षं काय करत होतात?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. माझा आवाज कसा होता ते मला आज नीट आठवतं.

"वेचनी," ती म्हणाली होती.

प्रकल्पात घेतलेल्या रोग्याला पाच दिवस वॉर्डात ठेवून पहिला नमुना घ्यायचा असा नियम होता. पाचव्या दिवशी मी तिचं रक्त घेतलं. कॉर्टिसॉल दहा. पंचवीसपर्यंत निरोगी समजतात; डॉक्टरांच्या बाकीच्या रोग्यांचं सत्तावीस-अठ्ठावीस येत होतं. सिरोटोनिन उत्तम. कागदावर पाहिलं असतं, तर कुणाला वाटावं, ही बाई महाबळेश्वरला हवा खायला आली आहे.

"नमुना खराब आहे," डॉक्टर म्हणाले. "परत घ्या. तीन दिवसांनी."

मी वॉर्डात जाऊन तिला सांगितलं, "रक्त परत घ्यावं लागेल. नमुना खराब झाला."

"म्हंजे तीन दिस अजून राहा लागते?"

"हो."

ती हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते. मला ते हसणं बावळट वाटलं.

तीन दिवसांनी पुन्हा दहा.

तिच्या बाजूच्या खाटेवरची म्हातारी मला सांगायची, "थे अनसूया काय झोपते बापा! चाहा येते तरी उठत नाही." आणि ते खरं होतं. सकाळी मी ट्रे घेऊन जायची तेव्हा अख्खा वॉर्ड जागा असायचा, ओरडत, कण्हत, दुधासाठी भांडत असायचा. ही मात्र गालाखाली हात घेऊन गाढ झोपलेली. उठवली की दचकायची, इकडेतिकडे पाहायची, आणि मग खाट, भिंत, मी, असं सगळं ओळखीचं पटलं की पुन्हा उशीला टेकायची. दवाखान्यातली पातळ डाळ ती चाटूनपुसून खायची. मी ठरवून टाकलं होतं, ही मंद आहे. डॉक्टरांबद्दल मला कितीही तिटकारा असला, तरी या बाबतीत आमचं दोघांचं एकमत होतं.

तुलनेसाठी निरोगी माणूस म्हणून तिचा नवरा आला, जानराव. पांढरंधोप धोतर, इस्त्रीची टोपी, कपाळाला अष्टगंध. वॉर्डात येऊन तो तिच्या खाटेपासून चार हात लांब उभा राहिला आणि नाकाला उपरण्याचा शेव लावला. दोघांत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. बोलला तो, तेही थोडंच. ती मान खाली घालून चादरीचा दोरा ओढत होती. मग तो लॅबमध्ये आला, तोंड फिरवून हात पुढे केला आणि सुई टोचली तेव्हा "आई गं" म्हणाला.

"लवकर सोडा मॅडम तिले," तो म्हणाला. "वेचनी लागली. बाया भेटत नाहीत."

"तिला कॅन्सर आहे."

"हाय न. कमरेले हाय. हात तं साबूत हायत."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्यानं हिशेबानं, शांतपणे, एखाद्या बैलाचा एकच खूर दुखावलाय असं सांगावं तसं सांगितलं.

"मग आणलंत कशाला?"

"वासानं. दिवाळीले पाव्हने आले होते, जेवाले बसत नव्हते."

त्याचं रक्त मी तपासलं. कॉर्टिसॉल जिथं असायला हवं तिथंच, सिरोटोनिन जिथं असायला हवं तिथंच. पुस्तकात छापावा असा निरोगी माणूस. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी 'उत्तम' असा शेरा लिहिला, आणि लिहिताना मला त्या शास्त्राचीच किळस आली.

त्या दुपारी अनसूयाबाईनं ताट तसंच ठेवलं होतं. मला वाटलं, नवरा घरी घेऊन गेला नाही म्हणून रुसली.

आणि मग डॉक्टरांनी ती युक्ती काढली. ही अडाणी आहे, हिला आपल्याला काय झालंय ते ठाऊकच नाही, म्हणून हिचं रक्त शांत आहे. तेव्हा हिला सांगायचं, आणि सांगितल्यावर मोजायचं. त्याचीच ती सकाळ, जिच्यापासून मी ही गोष्ट सुरू केली.

त्या आठ चाळीसच्या रक्तात कॉर्टिसॉल किती निघालं असेल? अकरा.

डॉक्टरांनी कागद माझ्या टेबलावर टाकला. "हे जनावर आहे," ते म्हणाले. "काढून टाका हिला प्रकल्पातून. खाट मोकळी करा. सर्जरीवाल्यांनी ऑपरेशनची तारीख दिलीय तीन आठवड्यांनंतरची, तेव्हा येईल परत. उद्या सुट्टी."

सुट्टीची बातमी सिस्टरनं तिला दुपारी सांगितली. चारच्या सुमाराला मी लॅबमध्ये नळ्या धूत होते, तेव्हा दारात ती उभी दिसली. रोग्यांनी लॅबमध्ये यायची परवानगी नव्हती. तिनं कंबरेशी हात धरला होता आणि जिना चढल्यामुळे तिला धाप लागली होती.

"काय पाहिजे?"

"बाई, माह्यं रक्त परत घ्या न."

"संपलं तुमचं. आता ऑपरेशनलाच यायचं. तारीख लिहून दिलीय ना?"

"थो नाही आनत मंग. एकदा घरी गेली का नाही आनत." ती एक पाऊल आत आली. "मांघं कसं, तुमी म्हटलं होतं, नमुना खराब झाला. मंग मले तीन दिस ठेवलं. तसं लिहा न बाई. नमुना खराब. परत घ्या लागते म्हना. तारखेपावतर."

मी हातातली नळी खाली ठेवली. मला हसू आलं. बाई मंद नव्हती तर. इतक्या दिवसांत या दवाखान्यातली एकमेव खरी गोष्ट तिला कळली होती: जोवर तिचं रक्त कोणाला तरी हवं आहे, तोवर खाट तिची आहे.

"घरी काय होतं?" मी विचारलं. विचारलं ते केवळ कुतूहलानं.

"ओटी बांधा लागते न," ती म्हणाली. "थेच जाग्यावर. दुसरीकडं बांधता येत नाही. नाही म्हटलं का मंग…"

तिनं पदर नुसता खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

मी काय करायला हवं होतं, हे सांगायला आज कोणाची गरज नाही. दोन शब्द लिहायचे होते. डॉक्टरांनी ते तिच्या नमुन्याबद्दल आधी एकदा म्हटलेच होते. पण मी सत्तावीस वर्षांची होते, विद्यापीठात दुसरी आलेली होते, आणि एक अडाणी बाई मला माझ्या वहीत काय लिहायचं ते शिकवत होती.

"हे बघा अनसूयाबाई," मी म्हणाले, "ही प्रयोगशाळा आहे. इथं जे असतं तेच लिहितात. खोटं लिहिता येत नाही."

"लिहिता येत नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. कंबरेवरचा हात न काढता ती वळली आणि एकेक पायरी बसत-उठत खाली गेली. जिन्यातून तिच्या धापेचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी जानराव आला तो सकाळीच आला, बैलबाजारातून जनावर न्यायला यावं तसा. सिस्टर कागद करत होती. मी दुसऱ्या एका रोग्यासाठी वॉर्डात गेले होते. जानराव दाराशी उभा राहिला आणि त्यानं नुसतं "हं, चाल" म्हटलं. आवाज चढवला नाही, काही नाही.

अनसूयाबाई खाटेवरून उठली आणि पुन्हा बसली. मी जवळच होते म्हणून मला दिसलं: तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. पिशवीत कपडे भरताना तिला पिशवीचं तोंड सापडेना. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता आणि मनगटात नाडी पाखरासारखी फडफडत होती.

तेवढ्यात राउंडला आलेले डॉ. मोहरील मागे येऊन उभे राहिले. माणसं ओळखण्यात ते शून्य असले, तरी आकड्याचा वास त्यांना लांबून यायचा. "काय झालं हिला? घाम फुटलाय. भोयरबाई, घ्या. रक्त घ्या. लगेच."

"सुट्टी झालीय सर त्यांना."

"जाता जाता घ्या."

मी घेतलं. तिनं हात पुढे केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती. मग जानरावानं पिशवी उचलली, तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि ते गेले. तो पुढे, ती मागे.

कॉर्टिसॉल चौतीस.

मशीन चुकलं असं वाटून मी पुन्हा लावून पाहिलं. चौतीस. चाळीस रोग्यांत पुढेही इतका मोठा आकडा कोणाचा आला नाही. मी तो कागद हातात धरून स्टुलावर बसले, आणि त्या बाईच्या रक्तानं पंधरा दिवस काय सांगितलं होतं, ते मला तिथं बसल्या बसल्या सगळं कळलं. दहा, दहा, अकरा. गालाखाली हात घेऊन लागलेली ती झोप. चाटूनपुसून खाल्लेली डाळ. तिला कॅन्सरचं भय नव्हतं. कॅन्सर हीच तिला मिळालेली पहिली सुट्टी होती.

मी हे डॉक्टरांना सांगायला गेले. खरंच गेले. पण त्यांनी कागद पाहिला आणि टाळी वाजवली.

"अखेर! पोहोचलं एकदाचं डोक्यात! वेळ लागला, पण पोहोचलं. मी म्हणत नव्हतो?"

"सर, हे बातमीमुळे नाही. नवरा न्यायला आला होता. त्याला पाहून—"

"भोयरबाई." त्यांनी दाखवायचं पेन खिशातून काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. "नवऱ्याला पाहून कॉर्टिसॉल वाढत असतं तर अर्धा देश आजारी असता." आपल्याच विनोदावर ते हसले. "असं करा. सतरा नंबरचं पान पुन्हा लिहा. आधीचे तीन नमुने खराब. हा चौथा धरा. बातमी दिल्यानंतरचा म्हणून दाखवा. तारीख बसवून घ्या." आणि मग, दारापर्यंत पोहोचलेल्या मला, सहज आठवल्यासारखं: "मार्चनंतरचं तुमचं काय करायचं, ते बघतोय मी."

मी लॅबमध्ये आले. नवं पान घेतलं. पहिल्या ओळीपुढे लिहिलं, नमुना खराब. दुसऱ्या ओळीपुढे, नमुना खराब. तिसरीपुढे, नमुना खराब. माझं अक्षर चांगलं आहे. ते त्या दिवशीही चांगलंच आलं.

फेब्रुवारीत हैदराबादला परिषद झाली. स्लाइड बदलायला डॉक्टर मला घेऊन गेले. सतरा नंबरचा ठिपका आलेखात सगळ्यांच्या वर, एकटाच उभा होता. डॉक्टरांनी काठी त्याच्यावर टेकवली आणि सांगितलं, ही एक खेडूत स्त्री, निदान कळल्यावर तिच्या शरीरानं दिलेला हा प्रतिसाद. मागच्या रांगेतून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या रोग्यांच्या घरच्या परिस्थितीची काही नोंद आहे का? "मॅडम, हे जीवरसायनशास्त्र आहे, कौटुंबिक कादंबरी नव्हे," असं डॉक्टर म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. मी पुढची स्लाइड लावली. निबंध छापून आला तेव्हा शेवटी आभारात माझं नाव होतं, तेही चुकीचं: शीला भोयर. मार्चमध्ये माझी मुदत वाढली. मी तिथं आणखी अकरा वर्षं काढली, हेही सांगून टाकते.

अनसूयाबाई ऑपरेशनच्या तारखेला आली नाही. पुढच्या तारखेलाही नाही. वेळेवर कापून काढला असता तर बहुतेक निभावण्यासारखा रोग होता तो. वेचणी सरली, उन्हाळा लागला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "तुमची ती सतरा नंबर आलीय. जांघेत गाठी झाल्यात. आता काही करण्यासारखं नाही. नवरा दारात सोडून गेला, तो काही फिरकायचा नाही."

मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

खाट बदलली होती, भिंतीकडची मिळाली होती. ती अर्धी राहिली होती, पण मला पाहून हसली. तिच्या उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि स्टीलचा ग्लास होता. मी स्टुलाला लागूनच उभी राहिले.

"या न बाई. आता ठेवतेत म्हने मले. हाकलत नाहीत."

"हो. आता राहा तुम्ही."

"लय मानूस दमते बाहेर," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "त्या रोजी जाता जाता रक्त घेतलं होतं तुमी. थ्याचं काय निंघालं?"

मी 'काही नाही' म्हणू शकले असते. पण सहा महिने त्या पानाबद्दल मी कोणाशी बोलले नव्हते आणि मला ते सांगून मोकळं व्हायचं होतं. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मला वाटलं होतं, मी सांगेन आणि ती म्हणेल, जाऊ द्या बाई, तुमची बी नोकरी हाय. ही माणसं असं म्हणतात. त्या भरवशावर मी सगळं सांगितलं. आकडा सांगितला. डॉक्टरांना तो हवा होता हे सांगितलं. आधीचे तीन नमुने चांगले होते, तरी त्यांच्यापुढे मी काय लिहिलं, ते सांगितलं.

एकेक शब्द ती वेचणीतल्या कापसासारखा खुडून घेत होती.

"म्हंजे," ती म्हणाली, "तुमाले लिहिता येत होतं."

मी स्टुलावरचा तांब्या उगीच सरळ केला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ते पाहणं मला आतून माहीत होतं; डॉ. मोहरीलांकडे, जानरावाकडे, खुद्द तिच्याकडे मी तसंच पाहत आले होते. माझ्याकडे तोवर कोणी तसं पाहिलं नव्हतं.

मग तिनं मान दुसऱ्या अंगाला वळवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सोबतीण लांब खिडकीपाशी पोळी खात बसली होती. अनसूयाबाईनं तिला हाक मारली.

"व बाई, हात धुवून इकडं येजो जरा. पानी दे मले."

ग्लास माझ्या हाताशी होता.